मजकूर सोपा करू नका, प्रश्न सोपा करा

मी जर्मन शिकवते. पाठ्यपुस्तकातली माणसं फार शहाण्यासारखी, पूर्ण वाक्यांत बोलतात; स्टेशनवरचा फलक तसं बोलत नाही. म्हणून ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गातही मी खरा मजकूर लवकरच आणते.

सुरुवातीला मी वर्तमानपत्रातली अख्खी बातमी वाटली होती. सगळ्यांनी डिक्शनऱ्या उघडल्या आणि दीड तासात जेमतेम तीन ओळी झाल्या. आता आधी प्रश्न फळ्यावर, मग कागद हातात. रेल्वेचं वेळापत्रक असेल तर एवढंच विचारायचं: दुपारी दोननंतरची पहिली गाडी कुठल्या फलाटावरून? दोन मिनिटं, डिक्शनरी बंद. दोन म्हणजे इथे १४ हे कुणीतरी ओळखतंच, आणि ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट हेही न सांगता कळतं.

मजकूर पुन्हा टाइप करत बसू नका. ठळक अक्षरं, चिन्हं, रकाने यांच्याच आधाराने अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो. आहे तसा छापा आणि कोपऱ्यात तारीख टाका. वेळापत्रकं लवकर शिळी होतात.

व्याकरण दुसऱ्या वाचनात. माझा लाडका नमुना: ‘देअर त्सूग फेल्ट आउस.’ डिक्शनरीत ‘फेल्ट’चा माग काढला की ‘पडतो’ हाती लागतं. एका विद्यार्थ्याने अगदी गंभीरपणे विचारलं होतं, ‘मॅडम, गाडी पडली तर हे इतकं थंडपणे का लिहिलंय?’ मी नुसतं शेवटच्या ‘आउस’वर बोट ठेवलं. क्रियापद ‘आउसफालन’, म्हणजे रद्द होणं. त्याचा सुरुवातीचा तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसलाय. तक्ता काढून हे कितीदा शिकवलं होतं! त्या दिवसापासून वर्ग आधी वाक्याचं शेपूट बघतो.

स्टेशनवरच्या घोषणेची ध्वनिफीत असेल तर तीनदा ऐकवा. पहिल्यांदा फक्त जागा ओळखायची, दुसऱ्यांदा आकडे टिपायचे, तिसऱ्यांदा उशिराचं कारण. मागचा गोंगाट काढू नका. जाहिराती मात्र नवशिक्यांना देऊ नका, त्यातल्या कोट्या समजावून सांगताना त्यांचा जीव जातो आणि आपलाही.

साहित्य मिळत नाही ही तक्रार मला फारशी पटत नाही. उपकरणांसोबत येणारी बहुभाषी माहितीपत्रकं पाहा, त्यांत पुष्कळदा जर्मन पानं असतात. ‘आख्टुंग’ (म्हणजे सावधान) असं छापलेला परिच्छेद शोधायला सांगा, मग त्यातले ‘निश्त’ (म्हणजे नाही) अधोरेखित करायला. काय करायचं नाही, हे शेजारचं चित्र बघून बहुतेकांना सांगता येतं.