जुन्या मॉडिफाइड गाडीचा मागचा डिफरन्शियल ओळखताना

डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच. त्याच्या हाउसिंगवरच्या (बाहेरच्या कवचावरच्या) टॅगवर विसंबू नका; आतले गिअर बदलले तरी टॅग जुनाच राहतो.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शियल बहुधा साधा. त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारा) किंवा वेल्ड केलेला (आतले गिअर जोडून चाकं एकत्र बांधलेला). ही चाचणी फसवते, कारण झिजलेल्या क्लच प्लेटचा लिमिटेड स्लिपही साध्यासारखाच वागतो.

रेशोसाठी (दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो) प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण करा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घट्ट धरून दुसरं 20 वेळा फिरवा. शाफ्टचे 41 फेरे म्हणजे 4.10, 39 म्हणजे 3.90. दोनच फेरे फिरवले तर हा फरक हाती लागत नाही. दोन्ही चाकं सोबत फिरत असतील तर 10 फेरे पुरतात.

पक्की खात्री कव्हर उघडूनच होते. क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) दातांना पिनियनच्या (शाफ्टकडच्या लहान गिअरच्या) दातांनी भागा: 41 भागिले 10. स्पायडर गिअरवर (मधल्या लहान गिअरवर) वेल्डिंगचा थर दिसला तर तो डिफरन्शियल रस्त्यावर चालवायच्या कामाचा नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो, टोकदार तुकडे नाहीत. क्लच प्लेटच्या लिमिटेड स्लिपमध्ये ऑइलसोबत फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटचं घर्षण सौम्य करणारं द्रव्य) घाला, नाहीतर वळणावर मागून खडखड येते.