सहापट रेज आली की

ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायचे पैसे) पाचशे-हजार, बिग ब्लाइंडची अँटी (मोठ्या ब्लाइंडवाल्यानं वर घालायची रक्कम) हजार. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो-जहाजावर पोकर टूर्नामेंटचा चौथा तास चालू होता. मधल्या जागेवर बसलेल्या काकांनी हजाराच्या सहा चिप्स मोजून पुढे सरकवल्या. डीलर म्हणाला, "रेज, सहा हजार." म्हणजे रक्कम वाढवून बिग ब्लाइंडच्या सहापट. मी बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवर, हातात एक्का-राणी, वेगवेगळ्या रंगांची. समोर अडतीस हजार. एक्का-राणी बटनवर सोडायची नसते हे डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून फार विचार न करता कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. ब्लाइंडवाले दोघं फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून बाहेर.

फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते, आला राणी, अठ्ठी, तिर्री. काकांनी दहा हजार लावले, मी ऑल-इन गेलो, म्हणजे सगळ्या चिप्स घातल्या, आणि त्यांनी क्षणात कॉल करून दोन राजे उलटे केले. पुढे काही आलं नाही. उठताना ते अगदी आपुलकीनं म्हणाले, "अरे, दोन तासांत पहिलाच हात खेळलो मी."

ते वाक्य मी परतीच्या बसमध्ये रात्रभर घोळवत होतो. दोन तास तो माणूस माझ्यासमोर बसून पत्ते टाकत होता, आणि मी ते पाहिलंच नव्हतं.

हे लिहायला बसलोय ते नव्या मुलांसाठी. २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैशांवरचं ऑनलाइन पोकर बंद झालं. फोनवर खेळ शिकलेली बरीच मुलं आता वर्षातून एक-दोनदा गोव्याला टेबलावर बसायला येतात. (वय एकवीस पूर्ण लागतं, ओळखपत्र विसरू नका. आणि गेले तरी घरातलं काही अडणार नाही एवढेच पैसे वेगळे काढून या.) कुठल्या पत्त्यांवर काय करायचं याचे तक्ते या मुलांना पाठ असतात. पण ते तक्ते बिग ब्लाइंडच्या दोन ते अडीचपट रेजसाठी बनवलेले असतात. लाइव्ह टेबलावर, त्यातही छोट्या बाय-इनच्या (प्रवेश-रकमेच्या) टूर्नामेंटमध्ये, पाच-सहापट रेज सर्रास येते. तिथे तोच तक्ता वापरला की माझं झालं तसं होतं.

आधी भाव बघा. कोणी उघडायच्या (पहिली रेज करायच्या) आधी पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, अडीच बिग ब्लाइंड असतात: अर्धा, एक, आणि अँटीचा एक. समोरच्यानं २.२ केले तर बटनवरून कॉल करायला २.२ लागतात, आणि कॉलनंतर पॉट होतो ६.९. म्हणजे साधारण बत्तीस टक्के वेळा जिंकलं की हिशोब बरोबरीत. सहा केले तर? सहा घालायचे, पॉट साडेचौदा. आता एक्केचाळीस टक्के लागतात. बिग ब्लाइंडमध्ये तर फरक आणखी मोठा. २.२च्या रेजवर जिथे वीस टक्क्यांत भागतं, तिथे सहाच्या रेजवर सदतीस लागतात.

आता माझी एक्का-राणी काकांच्या पत्त्यांसमोर ठेवू. दोन तास पत्ते टाकणारा माणूस सहापट करतो, तेव्हा त्याच्याकडे दश्शीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा धरून चालू. माझ्या हातात एक एक्का आणि एक राणी असल्यामुळे एक्क्यांच्या जोड्या तीन प्रकारे उरतात, राण्यांच्या तीन. राजे, गुलाम, दश्श्या प्रत्येकी सहा. एक्का-राजा बारा. एकूण छत्तीस. यांतल्या फक्त गुलाम आणि दश्शींशी माझी बरी लढत आहे, तीही थोडी मागूनच. एक्का-राजाविरुद्ध मी चारांत एकदा जिंकतो. सगळं मिळून साधारण तीस टक्के होतात, आणि लागत होते एक्केचाळीस. तो कॉल फ्लॉपच्या आधीच चुकला होता. राणी पडली नसती तर सहा हजारांत सुटलो असतो, पडली म्हणून सगळं गेलं.

सगळं का गेलं तेही समजून घ्या. कॉलनंतर पॉट होता साडेचौदा हजार आणि माझ्याकडे उरले बत्तीस. म्हणजे पॉटच्या सव्वादोनपट. एवढ्यात वरची जोडी लागली की ती सोडणं जवळजवळ अशक्य. मोठी रेज पुढच्या सगळ्या रस्त्यांवरची (पैसे लावायच्या टप्प्यांवरची) जागाच खाऊन टाकते. फ्लॉपवर बघू, टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) ठरवू, ही चैन छोट्या रेजला परवडते.

म्हणून मी आता स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो माणसाचा: हा कोण, आणि एवढी का केली? माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी जमात फ्लॉपला घाबरणाऱ्यांची. गुलाम, दश्शी, नव्वीची जोडी किंवा एक्का-राजा हातात आला की यांना कुणी कॉल करायला नको असतं, म्हणून रेज फुगवतात. यातले काही जण एक्के-एक्के आले की मात्र छोटी करतात, कारण तेव्हा त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. हे एकदा टेबलावर उघडं पडलेलं दिसलं की पुढे दिवसभर कामाला येतं. काकांसारखे काही मोठ्या जोडीवरही मोठीच करतात. दोन्ही बाबतींत आपले मधले पत्ते, म्हणजे एक्का-गुलाम, राजा-राणी वगैरे, सरळ टाकायचे.

दुसरा असतो तो चिप्सचा गोंधळ झालेला. लेव्हल (ब्लाइंड वाढायचा टप्पा) नुकतीच बदललेली असते, ब्रेकमध्ये छोट्या चिप्स बदलून घेतलेल्या असतात, आणि तो रंग ओळखत नाही. एक नियम लक्षात ठेवा: 'रेज' न म्हणता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात. त्यामुळे गोंधळ बहुतेकदा दोन-तीन चिप्स एकदम टाकल्या की होतो. चेहऱ्यावर कळतं. अशा रेजमागे काहीही असू शकतं, तिथे फार अर्थ काढू नका.

तिसरा, दर दुसऱ्या हाताला सहापट करणारा. त्याच्याकडे शेवटी येतो.

आणि चौथा, ज्याच्याकडे बारा बिग ब्लाइंडएवढ्याच चिप्स आहेत आणि त्यातले पाच घालतो. ती ऑल-इनच समजा. तो सोडणार नाही, तेव्हा सगळे पैसे घालायची तयारी असेल तरच हात लावा.

छोट्या जोड्यांवर मुलं सगळ्यात जास्त चिप्स घालवतात. हातात चव्वी-चव्वी, आशा तिसऱ्या चव्वीची. फ्लॉपवर ती साडेआठांत एकदा येते. आली तरी दर वेळी समोरच्याचा सगळा स्टॅक (त्याच्या सगळ्या चिप्स) मिळत नाही, म्हणून कॉलच्या निदान पंधरा-वीसपट चिप्स दोघांकडेही असाव्यात. अडतीस ब्लाइंडांत सहाचा कॉल म्हणजे सहापटीच्या थोडं वर. टाका. उलट टूर्नामेंटच्या सुरुवातीला दीडशे ब्लाइंड असतात, तेव्हा तोच सहाचा कॉल पंचवीसपटीत बसतो. तिथे बटनवर चव्वी-चव्वी मी आनंदानं खेळतो, एकाच रंगाची एक्का-राणीही खेळतो. रेज तेवढीच असली तरी स्टॅक बदलला की उत्तर बदलतं.

बिग ब्लाइंडमध्ये मन जास्त ओढ घेतं. "माझे हजार त्यात आहेत." ते आता पॉटचे आहेत. राजा-नव्वी एका रंगाची, सत्ती-छक्की एका रंगाची, हे हात दुपटीच्या रेजवर मी डोळे झाकून कॉल करतो. सहापटीवर टाकतो. सदतीस टक्के कागदावर जमल्यासारखे वाटले तरी प्रत्येक रस्त्यावर आधी बोलायचं आपल्यालाच असतं, आणि जिंकायचे हात मध्येच सोडावे लागतात.

मग काय खेळायचं? थोडे हात, आणि बहुतेकदा थ्री-बेटनं, म्हणजे रेजवर पुन्हा रेज करून. मात्र ब्लफ नको. पंचवीस ब्लाइंड असलेल्यानं सहा घातले आणि तुम्ही तेवढ्याच स्टॅकनं ऑल-इन गेलात, तर त्याला एकोणीस घालून साडेतेहेतीस मिळवायचे असतात. छत्तीस टक्के पुरतात त्याला. एवढ्या भावात तो क्वचितच सोडतो. एक्का-पंजी एका रंगाची घेऊन पुन्हा रेज करायची जी सवय ऑनलाइन लागलेली असते ती इथे महाग पडते. घाबरट माणसाविरुद्ध माझी ऑल-इन राण्यांपासून वर आणि एक्का-राजा, बस.

बबलजवळ, म्हणजे एक-दोन जण बाद झाले की सगळे पैशात अशी वेळ असेल, तर आणखी आवरा. तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत मिळवलेल्यांपेक्षा जास्त असते. दश्शी-दश्शीसुद्धा मी टाकलेली आहे, आणि ते फोल्ड मला आजही पटतं.

यासाठी पहिला तासभर फोन खिशात ठेवा आणि बघा. कोणी किती केली, शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) काय दाखवलं. मी ब्रेकमध्ये वहीत लिहितो, सीट नंबर आणि दोन शब्द: "सीट ४, मोठी = जोडी".

आता तो तिसरा. सगळं टाकायची सवय झाली की हा माणूस तुम्हाला सोलून काढतो. गणित खरं तर त्याच्या विरुद्ध आहे. अडीच ब्लाइंड उचलायला तो सहा पणाला लावतो, म्हणजे दहांतल्या सात वेळा सगळ्यांनी टाकलं तरच नुसत्या चोरीवर त्याचं भागतं. टेबल घाबरलं की तेवढं होतं. गेल्या वेळी माझ्या उजवीकडे असाच एक मुलगा होता, दहा हातांत सहा वेळा त्यानं पाच-सहापट उघडलं होतं. मला बिग ब्लाइंडमध्ये नव्वी-नव्वी आली, बावीस ब्लाइंड होते. कॉल नाही, ऑल-इन. त्यानं थोडा वेळ घेतला, कॉल केला आणि राजा-दश्शी दाखवली.

टर्नला राजा आला.

किनाऱ्याकडे नेणाऱ्या बोटीत मी वही काढली. लिहिलं, "नव्वी-नव्वी, २२ ब्लाइंड, सीट ७ विरुद्ध ऑल-इन", आणि शेजारी बरोबरची खूण केली.