परदेशात फोन बंद पडू नये म्हणून निघण्याआधीच या चुका टाळा

साताऱ्याहून मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांची पहिली शंका ठरलेली असते: तिथला करंट वेगळा, आपला चार्जर जळणार तर नाही? या भीतीपोटी काही जण व्होल्ट बदलणारा जड कन्व्हर्टर विकत घेतात. मोबाइलसाठी त्याची गरज नसते. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट वीज असते, पण चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटपुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल, तर तो चार्जर तिन्ही ठिकाणी चालतो. मोबाइल आणि लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर तसंच लिहिलेलं असतं.

अडचण पिनांची होते. अमेरिका आणि जपानमध्ये दोन चपट्या पिना लागतात. ब्रिटन, दुबई, सिंगापूरला तीन जाड चौकोनी. युरोपात बहुतेक ठिकाणी आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना थेट बसतात. म्हणून ज्या देशात जायचं, तिथला अडॅप्टर साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत असाल तर मारुती रोडवर शोधा आणि घरीच चार्जरला लावून बघा. विमानतळावर तीच वस्तू महाग पडते.

मात्र अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्ट नाही. त्याच्या भरवशावर इथला मिक्सर अमेरिकेला नेऊ नका, तो नीट फिरणार नाही. परत येताना तिथला १२० व्होल्टचा मिक्सर आणून इथल्या बोर्डात लावला, तर तो जळेल.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते, क्षमता १०० वॅट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चालते. दुबईमार्गे जाणार असाल तर लक्षात घ्या: एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली आहे. तेव्हा फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो सिममुळे. तिथलं सिम घातलं की आपलं सिम काढून पाकिटात ठेवलं जातं, आणि बँकेचा ओटीपी नेमका त्याच नंबरवर येतो. दोन सिमच्या फोनमध्ये आपलं सिम चालू ठेवा, फक्त त्याचं डेटा रोमिंग, म्हणजे परदेशात त्यावरून चालणारं इंटरनेट, बंद करा, म्हणजे नकळत इंटरनेटचं बिल चढणार नाही. त्या देशात आपल्या नंबरवर एसएमएस येतील का, त्यासाठी कुठला पॅक लागतो, हे निघण्याआधीच कंपनीच्या दुकानात विचारा. रिचार्जची मुदत कधी संपते ते घरच्यांना लिहून द्या. सहा महिने राहणाऱ्यांचा नंबर अशा विसरण्यातून बंद पडू शकतो, आणि मग पेन्शनचं खातं बघणंही अवघड होतं.

व्हॉट्सॲपची काळजी नको. नंबर बदलायचा का, असं ते विचारेल, तेव्हा ‘नाही’ म्हणा. जुन्याच नंबरवर ते वायफायनं चालत राहतं. दुबईत मात्र त्यावरून मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

फोनमधले गावाकडचे सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. नाहीतर तिथल्या सिमवरून घरी फोन लागणार नाही.