कोळशाची राख तपासायला शिकताना

गोव्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालं की घरचे सरळ व्हेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांकडे बोट दाखवतात. कोळसा म्हटलं की आपल्याला आठवतं मुरगाव बंदर आणि वास्कोच्या घरांत बसणारी काळी धूळ. राज्यात कोळशाची खाण नाही, पण कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे (लोहखनिज न वितळवता बनवलेल्या सच्छिद्र लोखंडाचे) कारखाने उभे राहिले. माझा या क्षेत्रात शिरकाव अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून झाला. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं, म्हणजे कोळशाचा जळाऊ वायू करण्याचं, सरकारी उद्दिष्ट आहे, त्यामुळे कोळशाची राख तपासायचं हे काम येणाऱ्यांना पुढेही मागणी राहील असं मला वाटतं.

गॅसिफायरमध्ये, म्हणजे हा वायू बनवणाऱ्या भट्टीत, कोळसा तापला की आधी बाष्पशील द्रव्यं निघून जातात. मागे राहतो तो ‘चार’, म्हणजे कार्बन आणि खनिजं एकत्र. त्या कार्बनची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन वायू बनतो, आणि उरते राख. हाती येणाऱ्या नमुन्यात बहुतेकदा दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून पहिला प्रश्न हा की यातला कार्बन किती संपला. हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम कोरड्या कोळशात ४० ग्रॅम राख होती आणि चारमध्ये राखेचं प्रमाण ८० टक्के आलं. राख तेवढीच राहिली असं धरलं तर चारचं वजन ५० ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम जळाऊ भागातले १० ग्रॅमच शिल्लक. रूपांतर सुमारे ८३ टक्के. बारीक राख वायूबरोबर उडून गेली असेल, तर हे गणित फसतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

आयएस १३५० या भारतीय मानकाप्रमाणे आपण राख हवेत ८१५ अंश सेल्सिअसला काढतो. ती गॅसिफायरची राख नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. हवेत पायराइटचं (लोह-गंधकाच्या खनिजाचं) हेमेटाइट, म्हणजे तांबडं लोह ऑक्साइड, होतं, म्हणून मुशीतली राख कधी फिकट विटकरी दिसते. गॅसिफायरच्या क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) वातावरणात लोह बरंचसं फेरस, म्हणजे कमी ऑक्सिडाइज झालेल्या, रूपात राहतं, सिलिकेटांशी जुळतं आणि राख लवकर वितळते. त्यामुळे राखेच्या वितळण्याचा रिपोर्ट हातात आला की चाचणी कुठल्या वातावरणात केली ते आधी बघा. तसं लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट परत पाठवा, साहेब कितीही घाईत असले तरी. फ्लुइडाइज्ड बेड प्रकारच्या गॅसिफायरमध्ये (इथे कण वायूच्या झोतावर तरंगतात) राख चिकटली की क्लिंकर, म्हणजे कडक गोळे, होऊन प्लांट बंद पडतो. एंट्रेन्ड फ्लो प्रकारात (इथे कोळशाची भुकटी वायूबरोबर वाहत जाते) मात्र ती वितळून वाहायलाच हवी. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, तीही सिलिका-अ‍ॅल्युमिनाने भरलेली, सहजी न वितळणारी. मग ती वितळावी म्हणून चुनखडी घालावी लागते.

चारच्या पृष्ठफळाचं काम मला सर्वांत आवडतं. छिद्रांत किती वायू चिकटतो यावरून ते काढतात. नायट्रोजनने उणे १९६ अंशांवर मोजलं तर अतिसूक्ष्म छिद्रांत वायू नीट शिरतच नाही आणि आकडा कमी येतो. शून्य अंशावर कार्बन डायऑक्साइड वापरला की ती छिद्रं दिसतात. दोन्ही आकडे द्या, एकाच्या जागी दुसरा नको. आणि आपला पावसाळा! जून-जुलैत सच्छिद्र चार हवेतली ओल इतकी ओढतो की काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. डेसिकेटरमधली (नमुना कोरडा ठेवायच्या बंद भांड्यातली) ओल शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली की ती तापवून घ्या, नमुना झाकणाच्या बाटलीतच तोला, आणि आकड्यापुढे ‘कोरडा आधार’ की ‘हवेत सुकवलेला’ हे लिहाच.

ज्वलनात होणारी वजनघट म्हणजे थेट उरलेला कार्बन, असं नवखे धरून चालतात. मातीच्या खनिजांतलं पाणी आणि कार्बोनेटही वजन घटवतात. उलट फेरस लोह ऑक्सिडाइज होऊन वाढवतं. सिमेंटवाल्यांना मात्र हाच आकडा लागतो. आयएस ३८१२ या मानकात फ्लाय अ‍ॅशसाठी (सिमेंटमध्ये मिसळायच्या बारीक राखेसाठी) कमाल ५ टक्के मर्यादा आहे, आणि कार्बन राहिलेली गॅसिफायरची राख तिथे सहज अडकते.

शिकायचं असेल तर धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी विचारून बघा. हिंदी बरी हवी, आणि ताज्या मासळीची सवय काही दिवस विसरावी लागेल. जाण्याआधी इथेच एक्स-रे डिफ्रॅक्शनचे (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायच्या पद्धतीचे) आलेख वाचायला शिका: क्वार्ट्झ आणि मुलाइट या राखेतल्या खनिजांची टोकं ओळखता आली, आणि त्यांच्याखालचा पसरट उंचवटा काचेचा आहे हे कळलं, तरी तिथे पहिल्या आठवड्यात काम मिळतं.