किमती डीएलएलच्या हवाली करताना

मेटाट्रेडर ५ या ट्रेडिंग टर्मिनलवर एमक्यूएल५ या त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करता करता कधी ना कधी गणित बाहेर न्यायची वेळ येतेच. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी (डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून वापरता येणारी कोडची फाइल) तयार असते आणि तेच सगळं स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिण्यात अर्थ नसतो. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना मी एकच आग्रह करतो: गणिताला हात लावण्याआधी किमती पलीकडे जशाच्या तशा पोचताहेत का, ते तपासा.

डीएलएलला तुमच्या ॲरेची काहीच माहिती नसते. तिला मिळतो तो मेमरीतला सुरुवातीचा पत्ता. लांबी वेगळा पॅरामीटर देऊन सांगावी लागते, आणि तिथे मागितलेला आकडा न देता किमती आणणाऱ्या कॉपीरेट्स फंक्शनने परत केलेला आकडा द्यायचा. ५०० कॅन्डल (ठरावीक कालावधीतल्या किमतींची एकेक नोंद) मागितल्या तरी हिस्टरी पुरेशी नसेल तर कमी मिळतात, आणि कॉल फसला तर उणे १ येतो. न मिळालेल्या कॅन्डल वाचायला गेलेली डीएलएल अख्खं टर्मिनल बंद पाडू शकते.

क्रमाची गोष्ट याहून फसवी आहे. ॲरेचा क्रम उलटा दाखवणारं ॲरेसेटॲजसिरीज लावलं की स्क्रिप्टमध्ये शून्य क्रमांकावर सगळ्यात ताजी कॅन्डल दिसते. पण मेमरीतली मांडणी बदलत नाही. तिथे जुनी आधी, नवी शेवटी. तो फ्लॅग डीएलएलपर्यंत पोचत नाही, म्हणून पलीकडे शून्यावर सगळ्यात जुनी कॅन्डल बसलेली असते. बरेच जण चाचणीला २० कॅन्डल पाठवून त्यांची साधी सरासरी काढतात आणि उत्तर जुळलं म्हणून पुढे जातात. सरासरी उलट्या क्रमानेही तीच येणार! चाचणी ताज्या किमतींना जास्त वजन देणाऱ्या एक्स्पोनेन्शियल सरासरीने घ्या. क्रम उलटा असेल तर आकडा लगेच वेगळा येतो.

कॅन्डलची सगळी माहिती असलेलं पूर्ण एमक्यूएलरेट्स स्ट्रक्चर पाठवत असाल तर बाइट मोजा. वेळ ८, चार किमतींचे ३२, टिक व्हॉल्यूम ८, स्प्रेड ४, रिअल व्हॉल्यूम ८: एकूण ६०. सी प्लस प्लसचा कम्पायलर मात्र स्प्रेडनंतर स्वतःहून ४ बाइट मोकळे सोडतो आणि त्याचं स्ट्रक्चर ६४ चं होतं. मग पहिल्या कॅन्डलच्या किमती अगदी बरोबर दिसतात आणि दुसरीपासून कचरा सुरू होतो. सी प्लस प्लसमध्ये पॅकिंग १ वर ठेवलं (म्हणजे मधे मोकळे बाइट सोडू नको असं कम्पायलरला सांगितलं) की हे थांबतं. खरं तर सुरुवातीला स्ट्रक्चर नकोच. फक्त क्लोज (बंद) किमती आणणाऱ्या कॉपीक्लोजने नुसता डबलचा (दशांश आकड्यांचा) ॲरे पाठवा, तो नीट चालला की मग पुढचं.

तपासणीसाठी मी डीएलएलमध्ये आधी एक छोटं फंक्शन लिहितो: क्रमांक द्यायचा, त्या जागची क्लोज किंमत परत घ्यायची. पहिली, दुसरी आणि शेवटची अशा तीन जागा चार्टच्या डेटा विंडोशी ताडून पाहतो. पोझिशन शून्यापासून (डेटा मागताना शून्य म्हणजे चालू कॅन्डल) डेटा घेतला असेल तर शेवटची कॅन्डल अजून घडत असते, तिची क्लोज दर टिकला हलते. ताडण्यासाठी १ पासून घेतलेलं बरं.

एका टर्मिनलमधले सगळे चार्ट तीच डीएलएल वापरतात, तिचे ग्लोबल व्हेरिएबलही सामायिक असतात. युरो-डॉलर आणि सोनं एकाच बफरमध्ये गेलं तर कुठलीही एरर येत नाही, फक्त उत्तरं चुकतात. प्रत्येक चार्टचा स्वतंत्र हँडल (ओळख क्रमांक) ठेवा. पॉइंटर, म्हणजे मिळालेला मेमरीतला पत्ताही, फंक्शन संपल्यावर जपून ठेवू नका. लागेल तेवढा डेटा कॉपी करून घ्या.

बाकी किरकोळ. ६४ बिट टर्मिनलला ६४ बिटचीच डीएलएल लागते, मेटाट्रेडर ४ ला ३२ बिटची. फाइल लायब्ररीज फोल्डरमध्ये टाका आणि सेटिंगमधून डीएलएलला परवानगी द्या. नवी बिल्ड टाकताना फाइल अडकलेली दिसली तर ती वापरणारा प्रोग्रॅम आधी चार्टवरून काढा.

आणि काम हातात घेतानाच ग्राहकाला विचारा, हे एमक्यूएल५ मार्केटवर (मेटाट्रेडरचे प्रोग्रॅम विकले जातात तिथे) विकायचं आहे का. तिथे डीएलएल वापरणारे प्रोग्रॅम घेत नाहीत, क्लाउड नेटवर्कवरच्या चाचणीतही डीएलएल चालत नाही. तसं असेल तर सगळं गणित एमक्यूएल५ मध्येच लिहावं लागेल, आणि त्याचा वेळ व पैसे वेगळे ठरवावे लागतील.