माळ्यावरची गिटार हातात आली की

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत. घर रिकामं करताना माळा उतरवतात, आणि पितळेच्या डब्यांच्या मागून चादरीत गुंडाळलेली एखादी गिटार निघते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गिटारी बहुतेक अशाच येतात. जुन्या गिटारी दुरुस्त करण्याचं हे काम शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, तारा सैल कर आणि अर्धा तास नुसती बघ. स्टीलच्या सहा तारा सुरात असताना मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ देतात. ब्रिज म्हणजे तारांची खालची टोकं ज्यात अडकतात ती फळीवर चिकटवलेली लाकडी पट्टी; गोंद सुटत आलेल्या ब्रिजवर ती ओढ ठेवून तपासणी करत बसू नये.

चरईतल्या एका काकूंनी आणलेली गिटार अशीच होती. त्यांचे यजमान ती वाजवायचे, ते गेल्यावर ती माळ्यावर गेली. मोबाइलचा टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, आत धरला. आत लाल लेबल, त्यावर निप्पॉन गाक्की आणि एफजी-१८०. यामाहाचं १९८७ पर्यंतचं कंपनीचं नाव निप्पॉन गाक्की. हे मॉडेल १९६६ मध्ये आलं आणि त्या काळच्या लाल लेबलच्या गिटारी जपानमध्ये बनलेल्या. म्हणजे साठचं दशक सरतानाची किंवा सत्तरचं उजाडतानाची.

पण एकट्या लेबलवर विसंबू नका, लेबल बदलता येतं. साउंडहोलच्या कडेला भिंग लावा. पुढच्या फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड. थर दिसले तर प्लाय. या गिटारीला थर होते. काकूंचा भाचा लगेच म्हणाला, "प्लाय? मग कशाला खर्च करायचा?" मी त्याला समजावलं की हे मॉडेल मुळात प्लायचंच आहे, आणि तरीही त्याच्या आवाजासाठी लोक ते आजही शोधून घेतात. ओळख पटवायची ती एवढ्यासाठी. काय अस्सल आहे आणि काय नंतर कुणी लावलंय हे कळल्याशिवाय दुरुस्ती ठरवता येत नाही. मार्टिन या अमेरिकन कंपनीची गिटार असेल तर नेक, म्हणजे गिटारची लांब मान, जिथे बॉडीला मिळते त्या आतल्या ठोकळ्यावर नंबर ठोकलेला असतो. १८९८ मध्ये आठ हजारपासून सुरू झालेल्या त्या क्रमांकांवरून साल काढता येतं. गिव्हसनसारख्या कोलकात्याच्या गिटारीही पुष्कळ निघतात. त्या स्वस्तात मिळतात, आणि शिकणाऱ्याने पहिला हात त्यांच्यावरच साफ करावा.

आणखी एक गोष्ट आरशातच दिसते. पुढच्या फळीखालच्या पट्ट्या फुलीसारख्या असतील तर गिटार सहसा स्टीलच्या तारांची. हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या असतील आणि तारा ब्रिजला बांधायच्या असतील तर ती नायलॉनची. नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा चढवून फळी फुगवलेल्या किती गिटारी मी पाहिल्या! दरवेळी जीव हळहळतो.

मग नेक. फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, लांब सरळ पट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकायला हवं. कडेच्या खाली आदळलं तर नेकचा कोन गेलाय, आणि ते काम नवख्याने अंगावर घेऊ नये. काकूंच्या गिटारीची नेक ठीक होती. ब्रिज मात्र मागून उचललेला, आणि कुणीतरी त्यात दोन स्क्रू पिळले होते.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी एका गिटारीचा ब्रिज सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला होता. सतत ओढ असली की तो गोंद हळूहळू सरकतो. मे महिन्यात ब्रिज पुढे घसरला. गोंद लाकडात मुरला होता, तो खरवडायला मला तीन दिवस लागले, आणि गिऱ्हाईक माझ्यासमोर गप्प बसून होतं. तेव्हापासून ब्रिजला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांना बघत बसलो होतो, तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली: आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे. सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो.

स्क्रू काढले. ब्रिज ऊब देऊन मऊ केला, आणि चित्रकाराची पातळ सुरी एका कोपऱ्यातून केसाकेसाने आत सरकवली. घाई केली तर फळीच्या ढलप्या निघतात. मग जुना गोंद कोऱ्या लाकडापर्यंत खरवडला, स्क्रूची भोकं लाकडाने बुजवली. सरस भिजवून गरम पाण्याच्या भांड्यात साठ अंशांच्या आसपास ठेवायचा, उकळायचा नाही. तो थंड व्हायच्या आत क्लॅम्प, म्हणजे दाबून धरणारे शिकंजे, बसायला हवेत, म्हणून गोंद न लावता क्लॅम्प लावायची रंगीत तालीम दोनदा करा. मग पूर्ण एक दिवस हात लावू नका.

हे सगळं जुलैत करू नये. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, लाकडाला पन्नासच्या आसपास बरं वाटतं. मी काकूंची गिटार दसऱ्यापर्यंत नुसती ठेवून घेतली. त्यांना फोन करून तसं सांगितलंही.

फ्रेट घासणं, खुंट्यांना तेलाचा थेंब, नवा सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) ही कामं हाताला सवय झाली की होतात. पॉलिशला मात्र पॉलिश पेपर लावू नका. या गिटारीवर उजवा हात टेकतो तिथे चमक गेली होती. मी काकूंना विचारलं, ते चकचकीत करू का. "अरे, नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "तो यांचा हात आहे."

तारा एकदम सुरात चढवल्या नाहीत. आधी दोन सूर खाली, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी पूर्ण. आठवड्याने बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर मोजलं: जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. ब्रिजच्या मागे कागद सरकवून पाहिला. तो कुठेच आत गेला नाही. मग काकूंना फोन केला.