कन्सेंटचे नियम बदलले, अर्ज मात्र जुन्याच चुकांनी अडकतात

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर कुठल्याही औद्योगिक भागात जा, बॉयलर-जनरेटरवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘आता तर सूट मिळाली ना?’ काहींना मिळाली आहे, पण सगळ्यांना नाही. नियम बदलला म्हणून तुमच्या हातातल्या कन्सेंटच्या, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या, अटी आपोआप बदलत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय अधिसूचनेने पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या, श्रेणीतल्या उद्योगांना कन्सेंटमधून मोकळं केलं. छतावरचा सोलर या श्रेणीत बसतो. गल्लत होते ती त्याच शेडमध्ये कोळशाचा बॉयलर असतो तेव्हा. ‘सोलर बसवला, आता कन्सेंट नको’ असं समजून नूतनीकरण राहून जातं. श्रेणी प्रक्रिया आणि इंधनावर ठरते. छतावर पॅनेल आले म्हणून खाली जळणाऱ्या कोळशाचं काही बदलत नाही.

श्रेणीचंच आणखी एक. २०१६ च्या यादीत प्रदूषण निर्देशांक ६० किंवा त्याहून जास्त असला की उद्योग लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या श्रेणीत, २०२५ च्या सुधारित यादीत ही रेषा ८० वर गेली आणि पर्यावरण सेवांसाठी निळी श्रेणी नव्याने आली. ही यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची, कन्सेंट मात्र राज्य मंडळ देतं. म्हणून स्वतःच हिशेब करून फॉर्ममध्ये लालऐवजी त्याखालची नारिंगी श्रेणी टाकू नका. आधी राज्य मंडळाचं परिपत्रक पाहा.

मसुद्यालाच नियम समजणं ही चूक तर जुनीच आहे. पर्यावरण मंजुरीचा (ही कन्सेंटहून वेगळी परवानगी) २०२० चा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो, लागू आहे ती वेळोवेळी दुरुस्त झालेली २००६ ची अधिसूचना. राजपत्रातल्या मजकुरात ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं दिसलं, की तो मसुदा.

सगळ्यात जास्त अर्ज आम्हाला चिमणीच्या हिशेबात घसरलेले दिसतात. सूत्र असं: उंची मीटरमध्ये = १४ × क्यू चा ०.३ घात, आणि क्यू म्हणजे ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो ते. समजा ताशी ५०० किलो कोळसा जळतो, त्यात गंधक ०.५ टक्के. गंधक झालं २.५ किलो. इथेच पेन थांबतो आणि सूत्रात २.५ जातं, उत्तर येतं १८.४ मीटर. पण गंधक जळून होणारा वायू वजनाला दुप्पट असतो. क्यू घ्यायचा ५, उंची २२.७ मीटर. हा चार मीटरचा फरक पाया भरून झाल्यावर कळला तर महागात पडतो. गंधकाचा आकडाही कोळशाच्या सगळ्यात वाईट तपासणी अहवालातून घ्या, सरासरीतून नको. किमान उंचीची वेगळी अट लागू असेल तर दोन्हींत जास्त ती धरा.

चिमणीला धुराचा नमुना घेण्याचं भोक हवंच. ते शेवटच्या वळणापासून वर व्यासाच्या आठपट आणि टोकापासून खाली दुप्पट अंतरावर पाडायचं. शिडी आणि मजबूत प्लॅटफॉर्मही लागतो, नाहीतर प्रयोगशाळेची माणसं खालूनच परत जातात.

डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) धुराच्या पाइपाला वेगळं सूत्र. इमारतीच्या उंचीत ०.२ × केव्हीएचं (जनरेटरच्या क्षमतेचं) वर्गमूळ मिळवायचं. २५० केव्हीएला ते ३.२ मीटर होतं. इमारत ९ मीटरची असेल तर पाइप जमिनीपासून १२.२ मीटर. लोक नुसता ३.२ मीटरचा पाइप उभा करतात आणि धूर वरच्या मजल्याच्या खिडकीत शिरतो.

कन्सेंटची फी भांडवली गुंतवणुकीवर असते. सीएचा दाखला घसारा वजा न केलेल्या मूळ किमतीचा हवा. ताळेबंदातला उतरलेला आकडा दिला, की त्रुटी निघते आणि अर्ज मागे पडतो.

कन्सेंटवर मुदत असेल तर ती संपायच्या किमान चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. जल आणि वायू कायद्यांत निर्णयाला चार महिन्यांचीच मुदत आहे. त्रुटीचं उत्तर तुमच्याकडे पडून असेल तर त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका.

आणि डीजी सेटचं जळकं ऑइल भंगारवाल्याला देऊ नका. ते घातक कचऱ्यात येतं, अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं, साठा ९० दिवसांच्या आत हलवायचा आणि वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरायचं. नूतनीकरणाच्या वेळी ही विवरणपत्रं मागितली जातात.